रंगमंचावर उभे असताना कलाकाराला नेमके काय जाणवत असते?

रंगयात्री

मी प्रायोगिक नाटकांत काम करणारी अभिनेत्री आहे आणि बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला एक प्रश्न इथल्या गायक, वादक, नर्तक आणि नट मंडळींपुढे ठेवते आहे. कलाकारांच्या मुलाखतींत रंगमंचावरच्या अनुभवाविषयी विचारले की बहुधा दोनच उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे 'मी भूमिकेत पूर्णपणे विरघळून जातो' आणि दुसरे म्हणजे 'प्रेक्षकांच्या प्रेमापुढे सगळे विसरायला होते'. ही उत्तरे प्रामाणिक असतील, परंतु माझा अनुभव त्यांत बसत नाही.

शोकाच्या प्रसंगात माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी येते, घसा दाटून येतो, आणि त्याच वेळी मला हेही कळत असते की मी प्रकाशझोताच्या कडेला आले आहे, समोरच्या नटाने एक वाक्य गाळले आहे आणि पुढचे वाक्य मला थोडे बदलून घ्यावे लागणार आहे. या दुसऱ्या जाणिवेमुळे पहिली खोटी ठरते असे मला वाटत नाही. ज्या प्रयोगात ती सावध असते त्या प्रयोगात रडणेही अधिक खरे होते. मग त्या क्षणी जे वाटत असते ते कोणाचे, पात्राचे की माझे? आणि प्रवेशापूर्वी विंगेत उभे असताना जी भीती वाटते, ती अनुभवाने जाते का? कृपया सविस्तर लिहावे.

मंद्रसप्तक

मी ख्याल गातो, त्यामुळे आधी भीतीविषयी लिहितो. माझी भीती गेली नाही, तिचा विषय बदलला. सुरुवातीच्या काळात आठवण दगा देईल असे वाटे. अंतरा आठवेल का, तान समेवर येईल का, हीच चिंता असे. ते काम रियाजाने आता गळ्याकडे सोपवले आहे. आता धास्ती असते ती राग उभा राहील की नाही याची. सगळे सूर बरोबर लागूनही राग उभा राहिला नाही तर ते श्रोत्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते, पण गाणाऱ्याला पहिल्या काही मिनिटांतच उमगते आणि उरलेली मैफल त्या जाणिवेसह गावी लागते.

पहिला षड्ज लावेपर्यंतचा वेळ सर्वांत कठीण असतो. तानपुरे जुळलेले असतात, सभागृह शांत झालेले असते आणि स्वतःचा श्वास स्वतःलाच मोठ्याने ऐकू येतो. षड्ज मनासारखा लागला की अंगातला ताण उतरू लागतो. तो तसा लागला नाही तर मी पुढे जाण्याची घाई करत नाही, पुन्हा षड्जावरच थांबतो. श्रोते त्या थांबण्याला गांभीर्य समजतात. माझ्यासाठी तो पाय टेकायला जमीन शोधण्याचा काळ असतो.

धमनी

मी डॉक्टर आहे आणि हौसेने व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. रंगमंचावर जाण्यापूर्वी शरीरात जे घडते ते संकटाला तोंड देण्याची तयारी असते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेकडचा रक्तपुरवठा कमी होऊन मोठ्या स्नायूंकडे वळतो, लाळ आटते आणि श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. पळून जाण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु कलाकाराला नेमक्या त्याच अवयवांकडून नाजूक काम करून घ्यायचे असते. वादकाची बोटे गार पडतात, गायकाचा घसा कोरडा होतो, बासरीवादकाला लांब फुंक टिकवता येत नाही आणि व्हायोलिनवर संथ, दीर्घ गज ओढताना हाताची बारीकशी थरथरही स्वरात ऐकू येते. द्रुत वादनात ती लपते, विलंबित लयीत उघडी पडते. म्हणून कार्यक्रमाची सुरुवात संथ रचनेने करायची असेल तर वादकाची परीक्षा अधिक कठीण असते.

यात दिलासा एवढाच की ही लक्षणे बहुतेकांमध्ये प्रवेशाच्या थोडे आधी शिगेला पोहोचतात आणि प्रत्यक्ष सादरीकरण सुरू झाल्यावर ओसरू लागतात. मंद्रसप्तक यांनी पहिल्या षड्जाविषयी लिहिलेला अनुभव याच्याशी जुळतो.

आर्या

धमनी यांनी दिलेली लक्षणे वाचताना नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव आठवले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. जागच्या जागी थिजणे, घाम फुटणे, अंगावर काटा येणे, आवाज फुटणे, कंप सुटणे, चेहऱ्याचा रंग उडणे, डोळ्यांत पाणी येणे आणि भान हरपणे. पहिल्यांदा रंगमंचावर जाणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारले तर यांपैकी निदान चार गोष्टी तो ओळखीच्या म्हणून सांगेल.

भरताने यांना अभिनयाच्या साधनांत गणले आहे, आणि त्याचे कारण रंगयात्री यांच्या प्रश्नाशी संबंधित आहे. हात हलवता येतो, भुवई उंचावता येते, परंतु रोमांच किंवा अश्रू हुकमाने आणता येत नाहीत. ते मनातून उपजतात आणि मन एकाग्र असेल तरच उपजतात, मन दुसरीकडे असताना ते साधत नाहीत, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे विंगेत जो कंप आपण दाबून टाकू पाहतो, तोच कंप काही मिनिटांनी पात्राच्या भयासाठी हवा असतो. शरीराला ते दोन्ही कंप वेगळे वाटत असतील का, याबद्दल मला शंका आहे.

रंगयात्री

आर्या, हे वाचून थबकले. माझ्या एका भूमिकेत पहिलाच प्रवेश घाबरलेल्या अवस्थेत आहे आणि त्या नाटकाच्या वेळी मला विंगेतली भीती कधीच जड जात नाही. याचा संबंध मी आजवर लावला नव्हता.

निषाद

मला इथे वेगळे मत मांडायचे आहे. भीती उपयोगी असते, भीतीमुळे कला फुलते, असे बोलणे त्यांना सोपे जाते ज्यांची भीती पहिल्या षड्जाबरोबर ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी सतार वाजवतो आणि जाहीर कार्यक्रम करणे पूर्ण विचारान्ती थांबवले आहे. घरी, शिष्यांपुढे आणि ध्वनिमुद्रणासाठी वाजवतो. त्यात मला पळून गेल्यासारखे वाटत नाही.

ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाने १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा तो अवघ्या ३१ वर्षांचा होता आणि कीर्तीच्या शिखरावर होता. त्यानंतर १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ध्वनिमुद्रणावरच लक्ष दिले आणि ते काम आजही ऐकले जाते. दुसऱ्या बाजूला पाब्लो कासाल्स हा चेलोवादक आयुष्यभर प्रत्येक कार्यक्रमापूर्वी व्याकूळ होत असे. १९०१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरावर एक दगड त्याच्या डाव्या हातावर कोसळला, तेव्हा आता पुन्हा वाजवावे लागणार नाही, या सुटकेच्या भावनेने त्याला प्रथम घेरले, असे त्याने स्वतःच पुढे नमूद केले आहे. हात बरा झाला आणि तो म्हातारपणापर्यंत वाजवत राहिला. आपण कासाल्सचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे, पण इतक्या श्रेष्ठ वादकाला हात ठेचला गेल्यावर सुटल्यासारखे वाटावे यातले दुःखही आपण पाहायला हवे.

नेपथ्य

निषाद यांच्याशी सहमत आहे. भीती हा नवख्यांचा आजार आहे हा समजही सोडून द्यायला हवा. लॉरेन्स ऑलिव्हिए या ब्रिटिश नटांना रंगभूमीवर अनेक दशके काढल्यानंतर, १९६४ मध्ये, पन्नाशी उलटून गेलेली असताना, रंगमंचाच्या भयाने अचानक पछाडले आणि ते सुमारे ५ वर्षे टिकले. शेक्सपिअरच्या नाटकात ऑथेल्लोची भूमिका करताना त्यांनी यागो या पात्राची भूमिका करणाऱ्या फ्रँक फिनले यांना विनंती केली होती की स्वगत चालू असताना आपल्याला दिसाल असे विंगेत उभे राहा. सहकारी नटांनी आपल्या डोळ्यांत थेट पाहू नये, असेही त्यांनी सांगून ठेवले होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि त्या काळातले प्रयोग पाहणाऱ्या प्रेक्षकांना याचा पत्ताही लागला नाही.

मी रंगमंच व्यवस्थापनात आहे. नट विंगेत कसा उभा राहतो हे आम्हाला रोज दिसते. कोणी कोपऱ्यात तोंड करून पहिले वाक्य पुटपुटत असतो, कोणी अकारण विनोद करत असतो, कोणी शेवटच्या क्षणी हातातली वस्तू पुन्हापुन्हा तपासतो. अनुभवी नटांच्या बाबतीत मला एवढाच फरक दिसला आहे की त्यांचे हे वागणे ठरलेले असते आणि ते मोडलेले त्यांना चालत नाही. तिसऱ्या घंटेनंतर त्यांच्याशी बोलू नये, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे.

सुलभा_क

डॉक्टरसाहेब, काही वादक कार्यक्रमापूर्वी गोळी घेतात असे ऐकले आहे. ते कितपत योग्य आहे?

धमनी

आपण ज्या औषधांविषयी विचारता आहात ती बीटा ब्लॉकर गटातली आहेत, त्यांत प्रोप्रॅनोलॉल हे सर्वांना माहीत असलेले नाव. हे औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी विकसित केले आणि त्यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ॲड्रेनलिनचा हृदयावर आणि स्नायूंवर होणारा परिणाम ते रोखते, त्यामुळे धडधड आणि थरथर कमी होते. मनातली चिंता ते थेट दूर करत नाही, पण हात थरथरत नाही हे पाहून मन शांत होते, असा उलट्या दिशेने त्याचा उपयोग होतो. अमेरिकेतील व्यावसायिक वाद्यवृंदांतील वादकांच्या १९८७ च्या एका मोठ्या सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के वादकांनी अशी औषधे वापरल्याचे सांगितले होते. म्हणजे ही गोष्ट नवी नाही आणि दुर्मीळही नाही. नेमबाजी आणि तिरंदाजी या खेळांत मात्र हाताची स्थिरता हेच कौशल्य असल्यामुळे ही औषधे निषिद्ध आहेत.

कोणीही ही गोळी मित्राकडून मागून घेऊ नये. दमा असलेल्या व्यक्तीला ती धोकादायक ठरू शकते आणि नाडी किंवा रक्तदाब मुळातच कमी असणाऱ्यांनाही त्रास होऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण मला दिसत नाही. निषाद यांनी लिहिले तसे, ज्यांची भीती ओसरत नाही त्यांना 'धीर धरा' एवढेच सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पदन्यास

मी कथक करते. आमच्याकडे भीतीचे रूप थोडे वेगळे असते, म्हणून लिहिते. रियाजात समोर आरसा असतो आणि रंगमंचावर तो नसतो. वर्षानुवर्षे आपण कसे दिसतो हे डोळ्यांनी तपासण्याची सवय लागलेली असते, आणि ऐन वेळी ते काम शरीराच्या आतल्या जाणिवेवर सोपवावे लागते. ज्या दिवशी मी मनातल्या मनात आरसा उभा करते आणि स्वतःला प्रेक्षकांच्या बाजूने पाहू लागते, त्या दिवशी हातापायांत एक प्रकारचा जडपणा येतो. एरवी आपोआप पडणारा पाय 'आता उजवा की डावा' असा विचार केल्याबरोबर अडखळतो. याउलट ज्या दिवशी लक्ष पढंतीच्या, म्हणजे तोंडाने म्हटल्या जाणाऱ्या तालाच्या बोलांवर आणि तबल्यावर असते, त्या दिवशी पाय कसे पडले हे मला नंतर आठवतही नाही.

त्यामुळे रंगयात्री यांच्या दुहेरी जाणिवेत मला एक भेद करावासा वाटतो. झोत कुठे आहे, सहकलाकार काय करतो आहे, लय किती वाढली आहे, ही जाणीव बाहेरच्या गोष्टींकडे पाहणारी आहे आणि ती मदत करते. मी कशी दिसते आहे, माझ्याविषयी काय मत होत असेल, ही जाणीव स्वतःकडे पाहणारी आहे आणि ती घात करते. दोन्हींना सावधपणाच म्हटले जाते, पण रंगमंचावर त्यांचे परिणाम अगदी उलट होतात.

मंद्रसप्तक

पदन्यास यांचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यार्थ्याला वाचून दाखवावा असा आहे. शरीराची आठवण किती खोल असते याचे एक उदाहरण देतो. पोर्तुगीज पियानोवादक मारिया जोआओ पिरेस ॲमस्टरडॅममध्ये संचालक रिकार्डो शाई यांच्या वाद्यवृंदाबरोबर श्रोत्यांसमोर बसल्या असताना वाद्यवृंदाने मोझार्टची वेगळीच रचना सुरू केली. पिरेस यांनी तयारी केली होती दुसऱ्या रचनेची. त्यांच्या चेहऱ्यावरचा धसका चित्रफितीत स्पष्ट दिसतो. वाद्यवृंदाचा आरंभीचा भाग चालू असतानाच त्या शाई यांच्याशी बोलल्या, शाई यांनी धीर दिला, आणि आपली जागा आल्यावर पिरेस यांनी ती डी मायनरमधली रचना आठवणीतून वाजवली. जे आधी बोटांत उतरले होते ते भयाच्या क्षणीही बोटांत शिल्लक होते. त्यांना कोणी विचार करायला अर्धा तास दिला असता तर ते तितके सहज झाले असते का, हे मला सांगता येणार नाही.

चौथी भिंत

मी मानसशास्त्र शिकवते. पदन्यास यांनी जे लिहिले आहे त्याला संशोधनाचा आधार आहे. २००० साली टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी चित्र ओळखले असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ते सुमारे एकचतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले होते. आपण जितके दिसतो असे आपल्याला वाटते, तितके दिसत नसतो. आपली घबराट समोरच्याला जितकी कळते असे वाटते तितकी ती कळतही नाही, आणि ही गोष्ट आधी समजावून सांगितली तर भाषण करणारे अधिक चांगले बोलतात, असेही त्याच परंपरेतल्या पुढच्या संशोधनात आढळले.

आणखी एक निष्कर्ष कलाकारांच्या उपयोगाचा आहे. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात लोकांना अनोळखी माणसासमोर गायला लावले. त्यापूर्वी ज्यांनी 'मी उत्सुक आहे' असे मोठ्याने म्हटले त्यांचे गाणे 'मी घाबरलो आहे' असे म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक झाले. धडधडणाऱ्या छातीला 'शांत हो' असे सांगणे अवघड असते, कारण शरीर जागे झालेलेच असते. त्या जागेपणाला दुसरा अर्थ देणे तुलनेने सोपे जाते.

हशा_आणि_टाळ्या

मी एकपात्री विनोदी कार्यक्रम करतो. वरच्या सर्वांना एक सवलत आहे, ती आम्हाला नाही, हे नम्रपणे सांगतो. गाणे रंगले की नाही हे शेवटी कळते, नाटकाचा निकाल पडदा पडल्यावर लागतो, परंतु विनोदाचा निकाल प्रत्येक वाक्यागणिक लागतो आणि तो सर्वांना एकाच वेळी ऐकू येतो. हशा आला नाही तर ती शांतता मला जितकी कळते तितकीच शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते.

तरीही मला हे माध्यम सर्वांत प्रामाणिक वाटते. हशा येतो तेव्हा जे वाटते त्याला आनंद हा शब्द पुरेसा नाही. शेकडो अनोळखी माणसांनी एकाच क्षणी एकच गोष्ट एकाच प्रकारे पाहिली, याची ती पावती असते. त्या क्षणी मी स्वतःविषयी काहीही विचार करत नसतो. मी फक्त हशा कुठे चढतो आणि कुठे उतरू लागतो हे ऐकत असतो, कारण तो पूर्ण उतरण्याच्या किंचित आधी पुढचे वाक्य टाकायचे असते. लवकर टाकले तर शब्द बुडतात, उशिरा टाकले तर लय जाते. इतके ऐकण्याचे काम असल्यावर घाबरायला सवड उरत नाही. मात्र थोड्या प्रेक्षकांपुढे मला जास्त भीती वाटते. हजार माणसे एक समूह असतात. वीस माणसे वीस चेहरे असतात.

सुलभा_क

वीस चेहऱ्यांविषयी पूर्ण सहमती. नात्यातल्या एकाच माणसासमोर गाणे तर त्याहून अवघड.

प्रयोगशील

मी व्यावसायिक रंगभूमीवर काम करतो आणि आमचा प्रश्न वेगळा आहे. एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग झाल्यावर भीती खरोखर कमी होते, आणि तेव्हाच खरा धोका सुरू होतो. तोंड संवाद म्हणत असते आणि मन दुसऱ्याच कोणत्या तरी विचारात गुंतलेले असते. प्रेक्षकांना ते लगेच कळत नाही, हशे ठरल्या जागी येतात, पण समोरच्या नटाला पहिल्या मिनिटात कळते, कारण आपण त्याचे ऐकत नसतो, फक्त त्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत असतो. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये आपल्या कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला. त्या आकड्याविषयी लोक सहनशक्तीचे कौतुक करतात. मला त्यामागचे अधिक कठीण काम दिसते, ते म्हणजे ठाऊक असलेले वाक्य प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकणे.

रंगयात्री यांच्या प्रश्नाच्या संदर्भात बालगंधर्वांची आठवण होते. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरीही त्यांनी प्रयोग केला. शृंगाराची पदे गाताना त्या माणसाच्या आत काय चालले असेल? पात्राची भावना आणि कलाकाराची भावना वेगळी ठेवता येते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

निषाद

प्रयोगशील, तो प्रसंग मलाही हलवतो, पण तो पुरावा म्हणून वापरू नये असे मला वाटते. त्या रात्री त्यांना काय वाटले हे आपण त्यांच्या जागी उभे राहून सांगू शकत नाही. शिवाय अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या की तोच नियम होऊन बसतो आणि मग घरात दुःख असलेल्या, तापाने फणफणलेल्या नटालाही उभे राहावेच लागते. त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय ही त्यांची थोरवी. इतरांवर तो लादणे ही दुसऱ्यांची सोय.

प्रयोगशील

आपला मुद्दा मान्य आहे. तरी एक सांगतो. माझे वडील गेल्यानंतरच्या पहिल्या प्रयोगाला कोणीही माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मी गेलो, कारण त्या दोन-अडीच तासांत काय बोलायचे आणि कुठे उभे राहायचे हे आधीपासून ठरलेले होते. त्या आठवड्यात दुसऱ्या कोणत्याही जागी मला ते माहीत नव्हते.

आर्या

आता पात्राची भावना की माझी, या मूळ प्रश्नाकडे वळते. हा वाद फार जुना आहे. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदेरो यांनी असे मत मांडले की श्रेष्ठ नट स्वतः काहीही अनुभवत नाही, म्हणूनच तो रोज सारखा उत्तम करू शकतो. हे मत तपासण्यासाठी विल्यम आर्चर या नाट्यसमीक्षकाने आपल्या काळातल्या नटांना प्रश्नावली पाठवली आणि १८८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांनी खरे अश्रू येतात असे सांगितले आणि त्याच वेळी जाणिवेचे दुसरे थर जागे असतात असेही सांगितले. रंगयात्री, आपला अनुभव त्या यादीत शोभला असता. आपल्याकडे नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी रसाचा आस्वाद प्रेक्षकाकडे ठेवला आणि नटाला त्या आस्वादाचे साधन मानले.

अलीकडच्या काळात एली कोनाइन या डच संशोधिकेने व्यावसायिक नटांना प्रश्न विचारून जे मांडले ते मला सर्वांत पटते. नटांनी सांगितलेल्या भावना बहुतांशी पात्राच्या नव्हत्या. पात्र दुःखी असताना नटाला ताण, एकाग्रता, उत्तेजन आणि आव्हान जाणवत होते, म्हणजे त्या क्षणी करावयाच्या कामातून आलेल्या भावना. प्रेक्षकांना जी तीव्रता दिसते ती याच भावनांची असते आणि पात्राच्या आकारात ती शोक किंवा संताप म्हणून पोहोचते, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

रंगयात्री

आर्या, हे उत्तर माझ्या अनुभवाच्या खूप जवळ जाते, परंतु पूर्णपणे पटत नाही. ताण आणि आव्हान तर मला विनोदी भूमिकेतही जाणवतात. मग शोकाच्या प्रवेशानंतर घरी गेल्यावरही जो थकवा राहतो तो विनोदी प्रयोगानंतर का राहत नाही? शरीराने तासभर रडण्याचा श्वास घेतला, खांदे खाली पाडले, आवाज दाबला, तर शरीर ते नुसते काम म्हणून सोडून देत नसावे. मला वाटते, त्या क्षणी भावना सुरू होते ती कामाची, पण शरीर तिला हळूहळू पात्राकडे ओढत नेते.

चौथी भिंत

शरीराच्या ठेवणीचा मनावर परिणाम होतो हा विचार मानसशास्त्रात जुना आहे, विल्यम जेम्स यांनी तो १८८४ मध्येच मांडला होता. त्याचे प्रमाण किती, याविषयी मात्र मतभेद आहेत. आपले निरीक्षण महत्त्वाचे आहे. शोकाच्या भूमिकेनंतर शरीराला त्या ठेवणीतून बाहेर काढण्यासाठी काही मिनिटे मुद्दाम द्यावीत, असे मी नाट्यविद्यार्थ्यांना सांगते. वेश उतरवणे, चालणे, मोठ्याने इतर काही बोलणे, एवढेही पुरते.

पदन्यास

कार्यक्रमानंतरच्या पोकळीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. टाळ्या थांबतात, लोक भेटून जातात, आणि अर्ध्या तासात आपण रिकाम्या खोलीत घुंगरू सोडत असतो. शरीर अजून वेगात असते आणि त्याला करायला काही नसते. त्या रात्री झोप येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी विनाकारण उदास वाटते. पूर्वी मी त्याचा अर्थ कार्यक्रम चांगला झाला नाही असा लावत असे. आता माझ्या लक्षात आले आहे की सर्वांत चांगल्या कार्यक्रमांनंतरच ही उदासी अधिक असते. म्हणून त्या रात्री कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकायचे नाही आणि स्वतःचे मूल्यमापन करायचे नाही, हा नियम मी पाळते.

ठेका

सर्व प्रतिसाद वाचले. मी तबल्याची साथ करतो आणि साथीदाराच्या जागेवरून थोडे लिहितो, कारण इथे सर्वांनी मध्यभागी बसणाऱ्याचे मन सांगितले आहे. साथ करताना मला क्वचितच भीती वाटते. एकल वादनाला मात्र पोटात गोळा येतो. बोटे तीच, तबला तोच, बहुतेक कायदे, म्हणजे तबल्यावरच्या ठरलेल्या बोलरचनाही, त्याच. फरक एवढाच की साथ करताना माझे सगळे लक्ष दुसऱ्याकडे असते. गायक श्वास कुठे घेतो, त्याची नजर कुठे वळते, तो समेआधी थोडा रेंगाळणार आहे का, हे पाहण्यात माझा 'मी' कामाला जुंपलेला असतो. पदन्यास यांनी सांगितलेला भेद मला रोज असा अनुभवता येतो.

म्हणून एकल वादनाच्या वेळी मी आता लेहऱ्याकडे, म्हणजे तबल्याला आधार म्हणून आवर्तनागणिक वाजत राहणाऱ्या धुनेकडे, गायकाकडे पाहावे तसे पाहतो. सारंगीवाला तोच लेहरा शंभरदा वाजवतो असे लोकांना वाटते, पण प्रत्येक आवर्तनात त्याचा दाब थोडा वेगळा असतो, समेला येताना तो कधी किंचित झुकतो. मी त्याची साथ करतो आहे, असे स्वतःला सांगून वाजवायला सुरुवात करतो. रंगयात्री, आपण शोकाच्या प्रवेशात समोरच्या नटाने वाक्य गाळल्याचे टिपता असे लिहिले आहे. मला विचारायचे आहे की ज्या प्रवेशात आपण एकट्याच असता, स्वगतात, तेव्हा ते लक्ष आपण कोणाकडे देता?

रंगयात्री

ठेका, स्वगतात मी ज्याच्याविषयी बोलते आहे त्या माणसाला सभागृहात एका निश्चित जागी बसवते आणि तो माझे ऐकतो आहे की नाही ते पाहते. काही प्रयोगांत तो ऐकतो, काही प्रयोगांत तोंड फिरवतो, आणि त्यावर माझे पुढचे वाक्य कसे येईल ते ठरते. जागा मी तालमीतच ठरवून ठेवते, बाल्कनीच्या कठड्याच्या थोडी खाली, कारण तिथे नजर ठेवली की चेहऱ्यावर प्रकाश नीट पडतो.